कमानपाट्यांची करकर : मोहावी रोडवर तीन दिवस

आदली संध्याकाळ

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रकखाली उताणा पडून यू-बोल्ट, म्हणजे पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट, आवळत होतो आणि लेक शेजारी उकिडवी बसून टॉर्च धरत होती. लहानपणी ती या कामाला पाच मिनिटांत कंटाळायची. या वेळी तिनं टॉर्चचा झोत हळूहळू पुढच्या चाकाकडे नेला आणि विचारलं, "बाबा, एकेका चाकाला दोन-दोन शॉक कशाला लावलेत?"

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी बरीच वर्षं थांबलो होतो.

अमेरिकेत पिकअपला सर्रास ट्रकच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. माझा ट्रक म्हणजे १९८५ ची टोयोटा. ते साल महत्त्वाचं. इथे विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला पुढे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) आणि कमानपाटे (लीफ स्प्रिंग, एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या) मिळाले ते त्या वर्षापर्यंतच. १९८६ पासून पुढची चाकं स्वतंत्र झाली आणि पाट्यांच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आले. मी हा ट्रक १९९६ साली घेतला तेव्हा आधीच्या मालकानं तो ४ इंच उचलून ठेवलेला होता. पुढे जास्त बाक दिलेले पाटे. मागे मूळ पाट्यांच्या चळतीत घुसवलेला एक जादा पाटा, ज्याला इथे 'अ‍ॅड-अ-लीफ' म्हणतात, आणि पाट्यांच्या नि अ‍ॅक्सलच्या मध्ये २ इंचांचा लोखंडी ठोकळा. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन पांढरे शॉक, त्यांवर लाल रबरी बूट. सांध्यांतले रबराचे बुश काढून त्यांच्या जागी लाल पॉलियुरेथेनचे. स्टिअरिंगच्या दांडीला आडवा डॅम्पर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एखादा हौशी माणूस जे जे करायचा, ते सगळं या एका गाडीत आहे, आणि गेल्या जवळपास तीस वर्षांत त्यातलं काहीही मी बदललेलं नाही. झिजलं तिथे त्याच जातीचं नवं लावलं, एवढंच. मागचे जादा पाटे मात्र अजून पहिलेच आहेत.

तिला मी उत्तर दिलं ते असं. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नाव फसवं आहे. धक्का सोसतो पाटा. शॉकचं काम त्यानंतर सुरू होतं. पाटा वरखाली झुलत राहू नये म्हणून शॉकमधला दट्ट्या बारीक भोकांतून तेल ढकलतो आणि त्या झुलण्याची उष्णता करतो. खराब रस्त्यावर तासभर पळालं की तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस भोकांतून सहज निसटतो. मग शॉक असून नसल्यासारखा. एकाच्या जागी दोन लावले की उष्णता वाटली जाते. वाळवंटातल्या शर्यतींत हा विचार अगदी खरा होता.

"आणि रस्त्यावरच्या गाड्यांना?"

तिथे बरेचदा लाल बूट चाकाच्या कमानीतून दिसावेत म्हणून. तेही मी तिला सांगितलं.

तिचा ट्रक दोन वर्षांचा आहे. पुढे कॉइलओव्हर, म्हणजे शॉकभोवतीच गुंडाळी स्प्रिंग, आणि त्यांना नळीनं जोडलेल्या तेलाच्या वेगळ्या टाक्या. मागे बायपास शॉक, ज्यांच्या अंगावरून बाहेरच्या नळ्या धावतात. दट्ट्या मधल्या पट्ट्यात असताना तेल त्या नळ्यांतून मोकळं वाहतं, म्हणून लहान खड्ड्यांवर गाडी मऊ. दट्ट्या टोकाकडे गेला की तोंडं बंद होतात आणि शॉक आपोआप कडक. ही करामत मला मनापासून आवडते.

पहिला दिवस : नदी ते रॉक स्प्रिंग

मोहावी रोड ही कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातली कच्ची वाट. ती कोलोरॅडो नदीच्या काठावर सुरू होते आणि सुमारे १३८ मैल, म्हणजे २२० किलोमीटरच्या आसपास, पश्चिमेला बार्स्टो गावाच्या दिशेनं जाते. डांबर जवळपास नाहीच. मोहावी या आदिवासी लोकांची ही जुनी पायवाट. ते किनाऱ्याशी व्यापार करायला याच वाटेनं जात. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री त्यांच्यासोबत इथून गेला, १८२६ मध्ये फरचा व्यापारी जेडेडाया स्मिथ, आणि १८५७ मध्ये सरकारसाठी रस्ता आखणाऱ्या एडवर्ड बीलनं उंटांचा तांडा नदीपर्यंत आणला. पुढे या वाटेवर लष्कराच्या सामानाच्या वॅगन धावल्या. वाट एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्याला जाते, म्हणून ती सरळ नाही. निदान दोन गाड्यांनी जावं असं इथे सगळेच सांगतात, म्हणून आम्ही दोघं दोन गाड्यांत, आणि बोलायला वॉकी-टॉकी.

नदीकाठी टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली. सस्पेन्शनबद्दल कितीही बोललं तरी सगळ्यात मोठा फरक या फुकटच्या उपायानं पडतो.

पहिले काही तास चढ आणि दगड. माझा ट्रक दगडांत चांगला चालतो. अखंड अ‍ॅक्सलचं हे सुख आहे की एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, आणि अ‍ॅक्सलच्या मधला गिअरांचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, जमिनीपासून तेवढाच उंच राहतो. लेक मागून बघत होती. "बाबा, तुमचं मागचं चाक हवेत लटकतंय," ती म्हणाली. जादा पाट्याचं हे देणं. तो आखूड आणि कडक असतो. उंची देतो, पण मूळ पाट्यांची लवचीकता खातो. चाक खाली यायला हवं तिथे येत नाही.

दुपारनंतर लॅनफेअर व्हॅली. इथे वाट सपाट आणि जवळजवळ सरळ, दोन्ही बाजूंना जोशुआ ट्री ही काटेरी पानांची वाळवंटी झाडं इतकी जवळ की आरसे दुमडावे लागतात. मधेच एका झाडाला टांगलेले डबे, 'पेनी कॅन ट्री'. जाणारा येणारा त्यात नाणं टाकतो. आम्हीही टाकलं. आणि त्या पट्ट्यात ती धुण्याच्या फळीसारखी नालीदार माती, जिला इथे वॉशबोर्ड म्हणतात. सुट्या मातीवरून ठरावीक वेगापुढे चाक गेलं की ते थोडं उडतं, पडतं, पडल्या जागी माती ढकलतं, आणि पुढचं प्रत्येक चाक तीच नाली खोल करतं. वाऱ्यापावसाचा त्यात भाग नाही, ती गाड्यांचीच करणी आहे.

वॉशबोर्डवर दोन युगांतला फरक कळतो. लेकीनं ताशी ६० किलोमीटरनं गाडी सोडली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. माझ्याकडे १५ च्या पुढे गेलं की सगळं थरथरतं. अखंड अ‍ॅक्सल, त्यावर डिफरन्शियल, दोन्ही चाकं, हे सगळं वजन स्प्रिंगच्या खालचं. ते इतक्या लवकर वरखाली करायला माझे पाटे आणि शॉक पुरे पडत नाहीत. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात. ते घासणंच पूर्वी निम्मा झोका जिरवायचं. कमानपाटा बग्गीच्या काळातला, लंडनच्या ओबेडाया इलियटनं १८०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि बग्गीला शॉक नव्हतेच. पाट्यावर पाटा घासून झोका थांबायचा. ती करकर मला आतून ऐकू येते. तिच्यावर पॉलियुरेथेनच्या बुशांचं चिरकणं. ग्रीस सुकलं की ते कोरड्या दारासारखे ओरडतात. या गाडीत मी डोळे मिटून सांगू शकतो की कुठला कोपरा काम करतोय.

रॉक स्प्रिंगजवळ मुक्काम. १८६० च्या दशकात इथे सैनिकांची लहानशी छावणी होती, टपालाच्या रक्षणासाठी. रात्री कडाक्याची थंडी.

दुसरा दिवस : लाटा

सकाळी वाट ५,००० फुटांच्या वर गेली आणि मग सिमा डोम या घुमटासारख्या टेकाडाच्या बाजूनं उतरू लागली. ऑगस्ट २०२० च्या 'डोम फायर'नं इथली दहा लाखांहून जास्त जोशुआ ट्री गेली असा अंदाज आहे. उभे काळे बुंधे, हात वर केलेले. यापूर्वी मी आलो होतो तेव्हा इथे सावली होती. आम्ही वॉकी-टॉकीवर काही बोललो नाही.

सिमाचा डांबरी रस्ता ओलांडला आणि लाटा सुरू झाल्या. इंग्रजीत त्यांना व्हूप म्हणतात. वॉशबोर्डच्या नाल्या हातभर अंतरावर असतात, या लाटा गाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर, आणि दोन-तीन फूट खोल. एकामागून एक, मैलच्या मैल. एक गाडी उसळते, जिथे पडते तिथे खड्डा करते, पुढची त्याच खड्ड्यात पडते. सस्पेन्शनचीच ही आठवण जमिनीत उमटलेली.

इथे माझ्या ट्रकचं स्टिअरिंग हातात आपोआप वळतं. या जुन्या टोयोटाला स्टिअरिंग बॉक्समधून एक दांडी गाडीच्या लांबीच्या दिशेनं जाऊन पुढच्या अ‍ॅक्सलला ढकलते किंवा ओढते. गाडी उचलली की दांडी तिरपी होते. मग अ‍ॅक्सल वर गेला की दांडी चाकं थोडी वळवते, खाली आला की उलट. डॅम्पर त्यासाठीच लावलेला. तो झटका मऊ करतो, वळणं थांबवत नाही.

माझं त्या काळावर प्रेम आहे ते नेमकं इथे. ठोकळा लावून मागची बाजू उचलली की अ‍ॅक्सल पाट्यापासून लांब जातो, तरफ वाढते, आणि जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की अ‍ॅक्सल फिरायला बघतो आणि पाट्याचा आकार इंग्रजी 'एस'सारखा होतो. मग त्याला आवरायला ट्रॅक्शन बार. ट्रॅक्शन बार लावला की चाक मोकळं खाली-वर होईना. मग त्याच्या टोकाला शॅकल, म्हणजे हलता दुवा. मागे आणखी एक गोष्ट होती, जी मला दोन वर्षं कळली नव्हती. मागच्या अ‍ॅक्सलपासून एक बारीक दांडी ब्रेकच्या झडपेला जाते. माल भरला की गाडी बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. गाडी ४ इंच उचलली की झडपेच्या हिशेबानं गाडी कायमची रिकामी. माझे पुढचे ब्रेक लवकर का संपतात हे शोधत शोधत मी त्या दांडीपर्यंत पोहोचलो. दांडीचं अ‍ॅक्सलकडचं टोक तेवढंच उचलणारा एक कोन बसवला, आणि गाडी त्या दिवसापासून वेगळी थांबू लागली. एका इलाजातून दुसरं दुखणं, त्याच्या इलाजातून तिसरं. या साखळीमागे जात जात मला माझी गाडी कळली. कुठलीही पुस्तिका वाचून इतकी कळली नसती.

हे मी वॉकी-टॉकीवर सांगत होतो. लेक म्हणाली, "बाबा, पण मला साखळी नको होती. मला इथे यायचं होतं." तिचं बरोबरच आहे. लाटांवरून तिची गाडी नाव चालावी तशी जात होती.

आणि मग मागून डाव्या बाजूला फाट्कन आवाज झाला. जाड फांदी मोडावी तसा.

गाडी थांबवली. डावा मागचा कोपरा इंचभर बसलेला. खाली शिरलो तर जादा पाटा यू-बोल्टच्या पट्टीच्या अगदी कडेला तुटलेला. मागचा अर्धा तुकडा नव्हता, लेकीला तो पंधरा-वीस पावलं मागे वाळूत सापडला. तिनं तो उचलला आणि तुटलेलं तोंड माझ्यासमोर धरलं. जवळजवळ दोन तृतीयांश भाग तपकिरी, जुन्या गंजाचा. त्यात शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा. उरलेला भाग चमकता करडा. म्हणजे चीर आजची नव्हती. पट्टी जिथे संपते तिथे पाटा पुन्हा पुन्हा वाकतो, ताण तिथेच साठतो. किती वर्षं ती चीर एकेका खड्ड्याबरोबर एकेक रेष पुढे सरकत होती, आणि मी दर वर्षी त्याच यू-बोल्टला पाना लावत होतो. आज उरलेल्या धातूनं हात टेकले.

मला वाईट वाटलं. तीस वर्षं सोबत असलेला तुकडा होता.

मूळ पाटे शाबूत होते, म्हणून गाडी चालणार होती. जादा पाट्याचा पुढचा अर्धा भाग पट्टीत घट्ट धरलेला होता, तो तसाच ठेवला. यू-बोल्ट पुन्हा आवळले. पाण्याचे कॅन, जादा पेट्रोल, हत्यारांची पेटी, सगळं लेकीच्या गाडीत हलवलं. डावीकडे बंप स्टॉपचं (अ‍ॅक्सल वर आदळू नये म्हणून लावलेल्या रबराचं) अंतर कमी झालं होतं, म्हणून आता वेग ताशी ८. तासाभरात निघालो. हेच तिच्या गाडीत झालं असतं, शॉक फुटला असता, तर तो कारखान्यात उघडून, सील बदलून, नायट्रोजन भरूनच परत आला असता. मी हे बोललो नाही. तीच म्हणाली.

मार्ल स्प्रिंगच्या पुढे वाटेच्या कडेला टपालपेटी आहे, १९८३ साली मोहावी रोडच्या मित्रमंडळींनी उभारलेली. आत वही. येणारा नाव लिहून जातो. लेकीनं तारीख घातली आणि खाली लिहिलं, "दोन ट्रक. पाटे : एक कमी."

रात्री शेकोटीपाशी ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. एअर शॉक : गॅब्रिएल कंपनीचे 'हायजॅकर' माझ्या एका मित्राच्या शेव्हर्लेला होते. पंपावर टायरसारखी हवा भरायची, मागची बाजू उचलायची. कल्पना सुंदर, पण शॉकच्या टोकांना धरणारे कोन गाडीचं वजन पेलण्यासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे एअर शॉकवर सतत भार टाकला की ते तडकू शकतात. रँचोचे आरएस ९००० : अंगावर पाच नंबरांची गोल कळ, खाली वाकून फिरवायची. डांबरावर दोन, मातीत चार. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं होतं की याच्यापुढे आता काही उरलं नाही. फोर्डचे दोन तुकड्यांचे पुढचे अ‍ॅक्सल : १९६५ ची ट्विन आय-बीम आणि १९८० पासून फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये आलेली तिची बहीण. ते उचलायचे तर खाली लांब कोन लावायचे, नाहीतर चाकं वरून बाहेर कललेली, खालून आत ओढलेली. शर्यतपटू पार्नेली जोन्सची आणि गाडी बांधणाऱ्या बिल स्ट्रॉपची फोर्ड ब्रॉन्को, 'बिग ऑली', १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोनदा मेक्सिकोतल्या वाळवंटातली बाहाची शर्यत जिंकलेली. सेंट लुईसच्या बॉब चँडलरची १९७४ ची फोर्ड, जिचं पुढे 'बिगफूट' हा अवाढव्य चाकांचा मॉन्स्टर ट्रक झाला.

"यातलं काय परत यायला नको?" तिनं विचारलं.

बॉडी लिफ्ट, मी लगेच म्हणालो. चॅसी आणि बॉडीच्या मध्ये गोल ठोकळे घालून नुसतं शरीर उचलायचं. चाकाला एक इंच जास्त हलायला मिळत नाही, गुरुत्वमध्य मात्र वर. आणि एकावर एक रचलेले लिफ्ट ब्लॉक. ते सरळ धोक्याचे होते. त्यांच्यासाठी मी डोळ्यांत पाणी आणणार नाही.

माझ्या लेखी ते युग २०१० च्या मॉडेलला संपलं. त्या वर्षी फोर्डनं रॅप्टर हा पिकअप आणला, आत बायपास असलेले फॉक्सचे शॉक कारखान्यातूनच बसवून, वॉरंटीसकट. फॉक्स १९७० च्या दशकात मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींचे शॉक बनवायची. वाळवंटात तीस-चाळीस वर्षं माणसांनी जे हातानं शोधलं, ते आता शोरूममध्ये उभं होतं.

तिसरा दिवस : सोडा लेक आणि घरचा रस्ता

सोडा लेक हे खारं तळं कोरडं होतं. ओलं असलं तर तिथे जाऊच नये, वरचा पापुद्रा फसवतो. पांढऱ्या सपाटीवर माझी तुटकी गाडी इतकी गुळगुळीत चालली की मी करकर ऐकण्यासाठी काच खाली केली. मधोमध दगडांचा ढीग आहे, 'ट्रॅव्हलर्स मॉन्युमेंट'. प्रत्येकानं बरोबर आणलेला एक दगड टाकायचा आणि वरच्या पाटीवर काय लिहिलंय ते बाहेर सांगायचं नाही, असा प्रघात आहे. आम्ही दगड टाकले.

पुढे रासोरची वाळू, आणि मग अफ्टन कॅन्यन. जमिनीखालून वाहणारी मोहावी नदी इथे वर येते, आणि रेल्वेच्या पुलाखालून पाण्यातून गाडी काढावी लागते. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं.

दुपारी डांबर लागलं. टायरमध्ये हवा भरायला कॉम्प्रेसर लावला. एकेका टायरला वेळ लागतो. तेवढ्यात लेकीनं माझ्या पेटीतून टेप आणि तिच्या गाडीतून एका खोक्याचा पुठ्ठा आणला. पाट्याचा तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली. रुंदी ६० मिलिमीटर. जाडी मोजली, लिहिली. मग ट्रकखाली शिरून पट्टीत उरलेल्या अर्ध्या भागाची लांबी वाचून दाखवली आणि मी ती लिहून घेतली. नेमका असा पाटा आता तयार मिळेलच असं नाही, पण पाटे घडवणारे कारागीर अजून आहेत. माप दिलं की ते देतात.

ती बाहेर आली आणि पुठ्ठ्यावरच्या रेषेकडे बघत राहिली.

"बाबा, इतक्या वर्षांत हा बसलेला असणार. कमान कुठली सांगायची? आत्ताची, की नवा असतानाची?"

"आत्ताची," मी म्हटलं. "उजवीकडचाही तेवढाच बसलाय."